वसाहतीचे वय

जुन्या गावाचे वय सांगायला ताम्रपट असतात, शिलालेख असतात, देवळाच्या ओवरीत बसणारी म्हातारी माणसे असतात. कागदावर आखून वसवलेल्या वसाहतीपाशी यांपैकी काहीच नसते. तिचे वय ओळखायचे झाले तर तिच्या बाजारपेठेतून एक फेरफटका मारावा आणि दुकानांवरच्या पाट्या वाचाव्यात. बालवाड्या, पाळणाघरे आणि सायकलींची दुकाने अधिक असतील, तर वसाहत तरुण आहे. शिकवणीवर्गांच्या पाट्या दाटीने लागल्या असतील, तर ती प्रौढ झाली आहे. आणि श्रवणयंत्रे, गुडघेदुखीवरील व्यायामोपचार, घरी येऊन रक्त तपासणारी प्रयोगशाळा, रुग्णसेविका पुरवणारी संस्था अशा पाट्या दिसू लागल्या, म्हणजे वसाहतीने पन्नाशी गाठली असे समजावे. चेन्नईतील अण्णा नगर या वसाहतीत या तिन्ही प्रकारच्या पाट्या आज एकाच रस्त्यावर आढळतात. असे का व्हावे, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

'अण्णा नगर' हे नाव मराठी कानाला परके वाटत नाही. आपल्याकडेही वडीलधाऱ्या माणसाला अण्णा म्हणण्याची रीत आहे. तमिळमध्ये 'अण्णा' म्हणजे थोरला भाऊ. मात्र चेन्नईत हा शब्द एकट्याने उच्चारला की लोकांना एकच व्यक्ती आठवते, ती म्हणजे सी. एन. अण्णादुराई. १९०९ साली कांचीपुरम येथे जन्मलेले अण्णादुराई हे लेखक, नाटककार आणि विलक्षण प्रभावी वक्ते होते. १९६७ साली ते राज्याचे मुख्यमंत्री झाले. त्यांच्याच कारकिर्दीत, १४ जानेवारी १९६९ रोजी, मद्रास राज्याचे नाव तमिळनाडू असे झाले. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, ३ फेब्रुवारीला, त्यांचे निधन झाले. त्या सुमारास शहराच्या पश्चिम कडेला एक नवी वसाहत आकार घेत होती. तिला त्यांचे नाव मिळाले.

त्यापूर्वी या भूमीचे नाव नडुवक्करै असे होते. कूवम नदीच्या उत्तरेला असलेले हे एक खेडे. सभोवार शेते आणि पाण्याची तळी. शहरातून येथे यायचे तर मुद्दाम यावे लागे. पण १९६८ साली येथे एक मोठे आंतरराष्ट्रीय व्यापार व उद्योग प्रदर्शन भरले आणि शहराचे लक्ष या माळरानाकडे वळले. प्रदर्शनानिमित्त येथे सुमारे १३५ फूट उंचीचा, बारा मजल्यांचा मनोरा उभारण्यात आला. आत पायऱ्यांऐवजी गोल गोल चढत जाणारी उताराची वाट असलेला हा मनोरा आजही वसाहतीची खूण मानला जातो. त्याला थोर अभियंते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव दिले आहे. विश्वेश्वरय्यांचे शिक्षण पुण्यात झाले आणि १९०३ साली खडकवासला येथे त्यांनी आपल्या कल्पनेतील स्वयंचलित दरवाजे बसवले. त्यामुळे चेन्नईच्या या मनोऱ्याशी आपलेही थोडेसे नाते लागते.

प्रदर्शन संपले, मंडप उठले, मनोरा आणि त्याभोवतीचे उद्यान मागे राहिले. पुढची काही वर्षे तमिळनाडू गृहनिर्माण मंडळाने या परिसराची आखणी केली. चेन्नईच्या जुन्या भागांतील गल्ल्या माणसांच्या वहिवाटीने तयार झाल्या होत्या. मंदिराभोवती चार रस्ते, त्यांना फुटलेली बोळे, असा त्यांचा घाट. येथे मात्र आधी रस्ते झाले आणि मग माणसे आली. जमिनीवर पट्टी ठेवून रेघा ओढाव्यात तसे सरळ, रुंद रस्ते आखले गेले. मोठ्या रस्त्यांना क्रमांक मिळाले: फर्स्ट ॲव्हेन्यू, सेकंड ॲव्हेन्यू, थर्ड ॲव्हेन्यू. घरांच्या समूहांना इंग्रजी वर्णमालेतील अक्षरे मिळाली. ए, बी, सी करीत अक्षरे झेडपर्यंत संपली, तरी वसाहत संपेना. तेव्हा एए, एबी, एसी अशी जोड-अक्षरे वापरावी लागली. 'मी वाय ब्लॉकमध्ये राहतो' हे येथे घराचा पूर्ण पत्ता सांगण्यासारखे असते. जुन्या शहरातील आळीचे नाव ऐकले की तेथे कोणत्या धंद्याची वा जातीची माणसे राहत असतील याचा अंदाज येतो. अक्षरांना आणि आकड्यांना असा वास येत नाही. ही आखणी कोणी याच हेतूने केली असे म्हणता येणार नाही. पण परिणाम मात्र तसा झाला.

वसाहतीत कोण राहणार हे पुष्कळ अंशी भूखंडाच्या आकाराने ठरते. गृहनिर्माण मंडळाची योजना उच्च, मध्यम व अल्प अशा उत्पन्नगटांसाठी होती. म्हणून काही ब्लॉकमध्ये बाग करता येईल एवढे भूखंड, काही ठिकाणी बेताची घरे, तर काही ठिकाणी तीन-चार मजली सदनिकांच्या रांगा, अशी मांडणी झाली. आसपासच्या परिसराचाही यात वाटा होता. ईशान्येला १९५५ साली सुरू झालेला रेल्वेचे डबे बांधणारा कारखाना, वायव्येला पाडी आणि अंबत्तूर येथील कारखाने, पूर्वेला किलपॉक येथील वैद्यकीय महाविद्यालय, यांमुळे अभियंते, डॉक्टर, कारखान्यांतील अधिकारी येथे घर बांधू लागले. सरकारी नोकर आणि बँकेतील माणसे तर होतीच. स्टेट बँकेच्या अधिकाऱ्यांच्या संघटनेने १९७९ साली येथे शाळा काढली, यावरून त्यांच्या संख्येची कल्पना यावी.

या पहिल्या पिढीची एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ही माणसे निरनिराळ्या गावांहून आली, निरनिराळ्या भाषा बोलत आली, पण ती जवळजवळ एकाच वयाची होती. तिशी-पस्तिशीतील नवरा-बायको, एक-दोन लहान मुले, नोकरीत पाय स्थिरावलेला, हप्त्याने घर घेण्याइतकी ऐपत, असे साधारण प्रत्येक घराचे चित्र होते. येथेच जुने गाव आणि नवी वसाहत यांत मोठा फरक पडतो. गावात सर्व वयांची माणसे एकाच वेळी नांदत असतात. रोज कोठे पाळणा हलत असतो, कोठे लग्न असते, कोठे दहावा. गावाची वयोरचना, म्हणजे निरनिराळ्या वयोगटांतील माणसांचे परस्पर प्रमाण, पिढ्यान्‌पिढ्या फारशी बदलत नाही. एका दमात वसलेल्या वसाहतीत मात्र सगळे एकदम तरुण असतात, सगळ्यांची मुले एकदम शाळेत जातात आणि सगळे एकदम निवृत्त होतात. जणू एकाच वर्गातील विद्यार्थी वरच्या वर्गात चढत जावेत, तशी ती वसाहत वयाच्या पायऱ्या चढत जाते.

अण्णा नगरचा इतिहास या दृष्टीने पाहिला तर तो सहज उलगडतो. सत्तरीच्या दशकात येथे शाळा आणि खेळाची मैदाने यांची मागणी होती. ऐंशीच्या दशकात ती मुले महाविद्यालयात गेली. नव्वदीनंतर माहिती-तंत्रज्ञानाचे क्षेत्र खुले झाले आणि चेन्नईतील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या मुलामुलींनी बंगळूरची, सिंगापूरची, अमेरिकेची वाट धरली. ज्या आईवडिलांनी मुलांच्या शिक्षणासाठी मनोभावे खस्ता खाल्ल्या, त्यांच्या श्रमांचे चीज झाले. आणि त्याच यशामुळे घरातील खोल्या रिकाम्या झाल्या. पुण्यातील कोथरूड किंवा मुंबईतील पार्ले येथील पुष्कळ घरांची कथा याहून वेगळी नाही.

याला राज्याच्या लोकसंख्येतील बदलाचीही जोड मिळाली. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण ८.६ टक्के होते. तमिळनाडूत ते १०.४ टक्के होते. दर स्त्रीमागे सरासरी अपत्यांची संख्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तमिळनाडूत १.८ आढळली. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी ही संख्या साधारण २.१ असावी लागते. मुले कमी आणि आयुर्मान जास्त, असे झाले की समाजातील वृद्धांचा वाटा वाढतो. जेथे सगळे एकाच वेळी आले, तेथे तो अधिकच डोळ्यांत भरतो.

सकाळी सहाच्या सुमारास मनोऱ्याच्या उद्यानात गेल्यास हे प्रत्यक्ष दिसते. पांढरे बूट घालून झपझप चालणारे आजोबा, साडीवर स्वेटर नसला तरी कानाला रुमाल बांधलेल्या आजी, बाकावर वर्तमानपत्राची पाने वाटून घेतलेली चार मित्रमंडळी. बोलण्याचा विषय ठरलेला: रक्तदाब, पाणीपुरवठा आणि नातवंडांचे न्यू जर्सीतील हवामान. फेऱ्या झाल्या की फिल्टर कॉफी. निवृत्त माणसाच्या दिवसाला कार्यालयासारखे वेळापत्रक लागते, ते या उद्यानाने पुरवले आहे. पण उद्यानात येऊ शकणारे तुलनेने सुदैवी म्हणायचे. जे गुडघ्यांमुळे किंवा विस्मरणामुळे घरातच अडकले, ते बाहेरून पाहणाऱ्याच्या गणतीत येत नाहीत. या वसाहतीच्या पश्चिम भागात 'स्कार्फ' ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था आहे. डॉ. एम. सारदा मेनन यांनी १९८४ साली ती स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी स्थापन केली. त्याच संस्थेने पुढे स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी आणि त्यांना सांभाळणाऱ्या कुटुंबीयांसाठी वेगळे काम उभारले. वसाहतीच्या वयाबरोबर तिच्या गरजा कशा बदलतात, याचे हे बोलके उदाहरण आहे.

वयोरचना बदलण्याचा आणखी एक मार्ग असतो, तो म्हणजे बाहेरून तरुण माणसे येणे. अण्णा नगरात ती दोन वाटांनी आली. पहिली वाट विद्यार्थ्यांची. गेल्या दोन दशकांत येथे भारतीय प्रशासकीय सेवेच्या परीक्षेची तयारी करून घेणारे अनेक वर्ग निघाले. राज्याच्या कानाकोपऱ्यातून तरुण-तरुणी येथे येतात, वसतिगृहांत किंवा घरमालकाच्या वरच्या मजल्यावर राहतात, रात्री उशिरापर्यंत अभ्यासिकेत बसतात. खाली एकटे राहणारे वृद्ध दांपत्य आणि वर चार परीक्षार्थी, अशी घरे येथे पाहायला मिळतात. भाड्याचा व्यवहार असला तरी, रात्री-अपरात्री गरज पडल्यास हाक मारायला कोणी आहे, ही गोष्ट लहान नव्हे.

दुसरी वाट पुनर्विकासाची. पन्नास वर्षांपूर्वी घेतलेल्या भूखंडाची किंमत आज त्यावरील घराच्या कितीतरी पट झाली आहे. जुने घर दुरुस्तीला आले, जिने चढवेनात, मुले परत येण्याची चिन्हे दिसेनात, की मालक बांधकाम व्यावसायिकाशी करार करतो. जमीन मालकाची, बांधकामाचा खर्च व्यावसायिकाचा आणि तयार झालेल्या सदनिका ठरलेल्या प्रमाणात दोघांच्या. एका कुटुंबाच्या जागी आठ कुटुंबे राहू लागतात. नव्याने येणाऱ्यांत पुन्हा तिशी-पस्तिशीची जोडपी असतात, त्यांची मुले पुन्हा बालवाडीत जातात. अशा रीतीने वसाहत पुन्हा तरुण होते, पण ती पूर्वीची राहत नाही. अंगणातील आंब्याच्या जागी मोटारी उभ्या राहतात. आखणी करताना रस्त्यांची रुंदी ठरली ती बंगल्यांच्या हिशेबाने. आता त्याच रस्त्यांवर आठपट माणसांचा भार येतो. सेकंड ॲव्हेन्यू तर राहण्याचा रस्ता उरलाच नाही. कापडाची दालने, सराफी पेढ्या, खाद्यगृहे यांनी तो दोन्ही बाजूंनी व्यापला आहे. १४ मे २०१७ रोजी तिरुमंगलम ते नेहरू पार्क हा चेन्नईतील पहिला भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाला. त्यावरील दोन स्थानके अण्णा नगरच्या नावाची आहेत. रस्त्यावर जागा उरली नाही, तेव्हा वाहतुकीला जमिनीखाली जावे लागले.

पाण्याची कथा याहून बिकट आहे. चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. तो हुकला की वर्षभर चणचण भासते. २००३ साली राज्याने सर्व इमारतींना छतावरील पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्याची व्यवस्था सक्तीची केली. तरीही २०१९ च्या उन्हाळ्यात शहराला पाणी पुरवणारे तलाव कोरडे पडले. पैसे असूनही पाणी नाही, असा अनुभव तेव्हा सुखवस्तू घरांनीही घेतला. पाण्याची लॉरी कधी येईल याची वाट पाहत लोक जागे राहिले. एकाच भूखंडातील कूपनलिकेवर पूर्वी एक कुटुंब अवलंबून होते, आता आठ. हा साधा हिशेब तेव्हा सर्वांच्या लक्षात आला.

आतापर्यंत आपण ज्यांची या वसाहतीत घरे आहेत त्यांच्याविषयी बोललो. परंतु वसाहतीचे जीवन केवळ त्यांच्यावर चालत नाही. पहाटे दारात कोलम काढणारी, भांडी घासणारी, आजींना अंघोळ घालणारी बाई, कोळशाच्या इस्त्रीची गाडी झाडाखाली लावणारा माणूस, फुलांचे गजरे विकणारी, इमारतीचा रखवालदार. ही माणसे कोठे राहतात? त्यांच्यापैकी अनेकजण वर्षानुवर्षे अमिंजिकरै, अरुंबाक्कम या लगतच्या भागांत, कूवमच्या काठावरील वस्त्यांत राहत आली. नदीकाठची ती घरे पुराच्या तोंडी होती, हे खरे. २०१५ च्या डिसेंबरात आलेल्या महापुराने ते दाखवूनही दिले. त्यानंतर कूवमच्या काठावरील हजारो कुटुंबांना शहराच्या दक्षिण टोकाला पेरुंबाक्कम येथील उंच इमारतींत हलवण्यात आले. पक्के घर मिळाले, पण काम वीस-पंचवीस किलोमीटर दूर राहिले. चार घरची कामे करणाऱ्या बाईला दोन-दोन बसगाड्या बदलून येणे परवडत नाही. पहाटेची बस चुकली की पहिले घर चुकते, आणि एक घर सुटले की महिन्याचे गणित कोलमडते. अनेकींची कामे सुटली. दुसरीकडे, ज्या घरांत वृद्धांना आधाराची सर्वांत अधिक गरज होती, त्या घरांची विश्वासाची माणसे गेली. वसाहतीच्या कागदी नकाशात कामकरी माणसांच्या घरांचा विचार पुरेसा नव्हता. तो नकाशा काढणाऱ्यांना तेव्हा ही उणीव जाणवली नसेल, कारण शेजारी नदीकाठ मोकळा होता.

गेलेल्यांची जागा काही अंशी दुरून आलेल्यांनी घेतली आहे. खाद्यगृहांत वाढणारा, केशकर्तनालयात काम करणारा, दारावर पहारा देणारा तरुण आज आसाम, ओडिशा किंवा नेपाळमधून आलेला असतो. तो मोडके तमिळ बोलतो, मालकीणबाई मोडके हिंदी बोलतात आणि काम भागते. भाषांची ही सरमिसळ अण्णा नगराला नवी नाही. तमिळच्या जोडीने येथे तेलुगू, मलयाळम, गुजराती, सिंधी, पंजाबी बोलणारी घरे प्रारंभापासून आहेत. केरळी मंडळींचे अय्यप्पा मंदिर येथे आहे. मुलींचे अण्णा आदर्श महाविद्यालय चेन्नईतील पंजाबी मंडळींच्या संस्थेने १९७३ साली स्थापन केले. त्यात आज प्रामुख्याने तमिळ मुली शिकतात. तंजावरच्या मराठी राजवटीबरोबर दक्षिणेत गेलेल्या कुटुंबांचे वंशजही चेन्नईत विखुरलेले आहेत. त्यांच्या घरची मराठी आपल्याला जुन्या बखरीतील वाटते, आणि तीत तमिळ शब्द बेमालूम मिसळलेले असतात.

मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून पोंगलपर्यंत, येथील पहाट वेगळी असते. तांदळाच्या पिठाचे मोठे कोलम दारोदारी उमटतात, मंदिरांतून भजने ऐकू येतात. सदनिकांच्या इमारतीला एकच दार असल्याने आता आठ घरांचा मिळून एकच कोलम पडतो. तो कोणी काढावा यावर कधी वाद होतात, कधी पाळ्या लागतात. बहुतेक ठिकाणी रखवालदाराची बायको तो काढते.

एकेकाळी शहराच्या कडेला असलेली ही वसाहत आता कडेला राहिलेली नाही. २०११ साली चेन्नई महानगरपालिकेची हद्द १७४ चौरस किलोमीटरवरून ४२६ चौरस किलोमीटर झाली आणि शहर अण्णा नगरला ओलांडून पश्चिमेला दूरवर गेले. वसाहतीच्या प्रवेशाशी अण्णादुराईंच्या स्मरणार्थ उभारलेली कमान १९८६ साली खुली झाली, तेव्हा ती गावाची वेस वाटत असे. २०१२ साली उड्डाणपुलासाठी ती पाडण्यास घेतली होती. पण ते काम थांबवून कमान राखली गेली. आज तिच्याजवळून वाहने पुलावरून निघून जातात.

मनोराही सुरक्षिततेच्या कारणावरून २०११ पासून बंद होता. दुरुस्तीनंतर २०२३ साली तो पुन्हा खुला झाला. ज्यांनी १९६८ साली वडिलांचे बोट धरून त्या गोल वाटेने वर जाऊन शेते पाहिली होती, त्यांच्यातील काहीजण आता नातवंडांना घेऊन वर चढले. खाली गच्च्या, पाण्याच्या टाक्या आणि दूरवर पसरलेले शहर दिसते. मधूनमधून एखादे दुमजली घर अजून टिकून आहे. त्याच्या अंगणात झाड आहे, आणि वरच्या मजल्याच्या खिडकीत परीक्षार्थींचे कपडे वाळत घातलेले असतात.